पुढे बाळ असेल तर चावी नाही

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक, व्यासपीठावरचे पाहुणे, वर्कशॉपमधले माझे भाऊ, विक्री विभागातल्या माझ्या लेकी, आणि माझ्यामुळे सुट्टीच्या दिवशी इथे ताटकळलेली माझ्या घरची मंडळी, सर्वांना मनापासून नमस्कार.

आज मी निवृत्त होतेय, म्हणून मघापासून माझं कौतुक ऐकतेय. मी शांत आहे, मनमिळाऊ आहे, असंही कोणीतरी म्हणालं. त्यांनी माझ्याबरोबर कधी काम केलेलं दिसत नाही. असो. खाली आमच्या नव्या मॅनेजर साहेबांची नवीकोरी गाडी उभी आहे. हा कार्यक्रम संपला की तिची चावी माझ्या हातून त्यांना द्यायची, असं ठरलंय. मी ती देणार की नाही, ते आता सांगते.

गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची, हेच माझं इथलं काम. आपली पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. बॉनेटवर रिबीन, पुढच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर घरातलं सगळ्यात लहान मूल, आणि फोटो. मग तसंच घरी निघायचं. मी म्हणायचे, फोटो हवे तेवढे काढा, निघताना मूल मागे. नाहीतर चावी नाही. हा नियम कंपनीचा नव्हता, माझा होता.

त्यापायी कमी बोलणी खाल्ली का? एक आजोबा तर माझ्या अंगावरच आले. "गाडी आमची, नातू आमचा, तुमच्या का पोटात दुखतं?" आजी नातवाला घेऊन पुढे बसलेल्या. म्हणाल्या, "मी घट्ट धरते ना त्याला." मी वाद घातला नाही. नातू आजोबांकडे दिला, आजींना बेल्ट लावला आणि मांडीवर ऑफिसातला पाण्याचा जार दिला. म्हटलं, आता हा घट्ट धरा. आमच्या फोरमननी आवारातच गाडी जराशी पळवली आणि कचकन ब्रेक मारला. जार डॅशबोर्डवर, पाणी आजींच्या अंगावर. मालक माफी मागायला धावत आले. आजी म्हणाल्या, "माफी राहू द्या, टॉवेल आणा." आणि नातवाला घेऊन मागे जाऊन बसल्या.

आता मॅनेजर साहेब. वहिनी बाळाला घेऊन त्यांच्या शेजारीच बसल्यात. माणूस हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि सोमवारपासून माझा नियम बंद करणार आहे. ग्राहक नाराज होतात म्हणे. सकाळी त्यांच्या गाडीत डोकावले, तर बाळाची सीट पुढे बांधलेली. "बघा, खास तुमच्या समाधानासाठी आणली," म्हणाले. साहेब, सीट उत्तम आहे, जागा चुकली. तिच्यात बाळाचं तोंड मागच्या काचेकडे आणि पाठ डॅशबोर्डकडे असते. त्याच डॅशबोर्डमध्ये एअरबॅग आहे. धडक बसली की ती पापणी लवायच्या आत बाहेर येते. बेल्ट लावून नीट बसलेल्या मोठ्या माणसाला ती वाचवते. तुमच्या बाळाच्या डोक्यामागे मात्र ती घणासारखी बसेल. हे माझ्या मनचं नाही, सीटसमोरच्या, ऊन अडवायच्या झडपेवर तसं चित्र काढून दिलंय. आपण रोज गाड्या विकतो, ते चित्र कोणी पाहतं का?

म्हणून भर सभेत सांगते, मी चावी देणार नाही. मालकांनी सांगितलं तरी नाही. आजचा दिवस मी नोकरीत आहे. आणि सोमवारपासून फाटकाबाहेर उभी राहीन. बाहेरचा रस्ता काही शोरूमच्या मालकीचा नाही. पुढे मूल दिसलं की काच ठोठावणार. हाकलून द्या, परत येईन.

वहिनी, बाळाला घेऊन कुठे निघालात? रागावलात का? सीट मागे बांधायला? अहो, मग एकट्या कशाला जाता? फोरमन, त्यांच्याबरोबर जा. मॅनेजर साहेब, तुम्हीही उठा. ती कशी बांधायची ते नीट बघून घ्या, सोमवारी ग्राहकांना तुम्हालाच दाखवायचंय.

मालक, तुम्ही मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, तुमची मी ऋणी आहे. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दलही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर लहान बहीण समजून पोटात घाला. मला आता खाली जायचंय, वहिनींच्या हातात चावी द्यायची आहे.