जांभळ्या ब्लाउजच्या टिपा

मी मूळचा कणकवलीकडचा, शाळा चौथीपर्यंत, मग बापाने घाटकोपरला मामाच्या मशीनवर आणून बसवलं, तो आजपर्यंत इथेच भटवाडीत लेडीज टेलर. ब्लाउज शिवताना आम्ही आत बोटभर कापड दुमडून सोडतो, का, तर बाई पुढे अंगाने भरतेच, मग टीप उसवली की झाला मोठा. आमची ही तर चांगली भरलेली. मी म्हणायचो, तुझ्या एका ब्लाउजात दोन गिऱ्हाइकं बसतील, तर म्हणायची, बसवा, नि भाडा घेवा. मालवणीच बोलायची शेवटपर्यंत.

पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो पसरलेलाच होता. काय सांगू तुम्हाला, डोळ्यांदेखत बाई झिजत गेली. आधी दंड गेले, मग गळ्याखाली खड्डे, मग पाठीचे मणके वर आले, आणि मी येडा, सकाळी पेज, दुपारी बांगड्याचं तिखलं, संध्याकाळी कोंबडीचा रस्सा, खा गं, खा गं. दोन घास खायची नि तोंड फिरवायची. मग हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली, काका, नुसतं खात नाहीत म्हणून नाही हे, आजारच त्यांच्या अंगातली चरबी नि मांस संपवतोय, खाऊन ते भरून येत नाही, जबरदस्ती करू नका, मागतील ते चमचाभर द्या. मग पेजेचं पाणी तेवढं द्यायचो.

ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. बाई टापटिपीची, ढगळ घालून दवाखान्यात यायची नाही. मग तिचा आवडता जांभळा मी आत घेत गेलो, टिपेच्या आत टीप, तिच्या आत आणखी एक. आतलं कापड एवढं साठलं की काखेत टोचायला लागलं. कापायला कात्री घेतली तर माझा हात धरला तिने, त्या हातात जोर कसला, म्हणाली, कापू नका हां, मी परत भरतलंय. नाय कापलं. वरून मऊ मलमल लावून दिली.

गेली ती. मुलगी आमची, सुलू, मुलुंडला असते, ती म्हणाली, बाबा, आईचे कपडे देऊन टाकूया ना कोणाला. म्हटलं दे, जांभळा सोडून. तो एवढासा झालेला, शाळेतल्या पोरीचा वाटावा, बघवेना मला. मशीनपाशी बसलो नि उसवत गेलो, शेवटची टीप आधी, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची, पहिली शिलाई तेवढी ठेवली. इस्त्री फिरवली. कापड सगळं जागच्या जागी होतं, जुन्या टिपांची भोकं तेवढी दिसतात रांगेने.

आता समोर खुंटीवर असतो, तिच्या भरल्या अंगाचा. गिऱ्हाईक विचारतं, काका, कोणाचा हो हा, न्यायला कोणी येत नाही का. मी म्हणतो, घरचाच आहे. तुम्ही पण जा आता, जेवायची वेळ झाली. घरी गरम वाढलेलं असेल, ते खावा, नि अंगाला लागू दे बाबा सगळ्यांच्या.