सरांची ऑफर

मी उदगीरकडचा. बाप इमारतीला बाहेरून बल्ल्या बांधायचा, रंगाला, गिलाव्याला माणसं ज्याच्यावर उभी ऱ्हातेत ना, ते बांधायचा, आन मीबी तेच शिकलो, आन तेच करत कतारला आलो. हितं बल्ल्या न्हाईत, लोखंडी पाइप हायेत, बाकी काम तेच, उंचावर चढायचं आन खाली बगायचं न्हाई. ऱ्हायला अल खोरच्या कॅम्पात. माझ्या आधी आमचे दाजी हितं आलते, म्हंजे माझ्या थोरल्या आक्काचे मालक, त्यांनीच मला बोलवून घेतलं, एकाच खोलीत आमी, ते खालच्या पलंगावर, मी वरच्या.

आता सरांचं सांगतो. नाव कुणालाच म्हाईत न्हाई, सगळे सरच म्हनतेत. मोबाइलच्या दुकानावर वर एक खोली, एसी लई गार, गेलं की चहा. पगाराला उशीर झाला की माणसं तिथं जातेत. सर पैसे देतेत पगार होईस्तोवर, आन त्याच्या बदल्यात बँकेचं कार्ड ठिवून घेतेत, पिन सुदा. पगार जमा झाला की तेच काडतेत, त्यांचं कापून घेतेत आन उरलेले आपल्या हातात. उरलेले पुरत न्हाईत, म्हणून परत घ्यायचं. काय सांगू तुमाला, वर्ष वर्ष लोकं आपलं कार्ड बगत न्हाईत. आन पहिल्या दिवशी व्हिडिओ काडतेत, ओळखपत्र गालाजवळ धरून बोलायचं, मी राजीखुशीनं घेतले. मीबी बोललो. हसत बोललो.

आन गंमत बगा, दाजींनीबी तिथूनच घेतले हे मला म्हाईतच नव्हतं. एकदा त्या जिन्यात समोरासमोर आलो. दोघंबी भिताडाकडं बगत बाजूनं गेलो. खोलीत आल्यावर भाजीत मीठ जास्त झालं एवढंच बोललो. आमच्यात दाजीसंग पैशाचं बोलत न्हाईत. मागायचं न्हाई, इचारायचं न्हाई, तो घरचा जावई हाय. कुणी हसू दे, मी तसाच वाढलोय.

मग अल सद्द भागात ऱ्हानाऱ्या एक मॅडम, मूळच्या पुण्याच्या, आमच्या कॅम्पात लोकांना मदत कराया यायच्या, त्यांनी माझ्या मोबाइलवरचे बँकेचे मेसेज बगितले आन म्हनल्या, दत्ता, तुमी घेतल्याच्या तिप्पट भरलंय, आन असं व्याजानं पैसे देणं हितं गुन्हाय, हे पैसे परत मागता येतेत. आधी कार्ड बंद करायला लावलं, मग तक्रार लिहिली. दाजींनाबी बोलावलं. दाजी आकडा सांगाया लागले तसा मी उठून भाईर जाऊन उभा राह्यलो. मॅडम म्हनल्या, अहो आत या, दोघांनी एकमेकांचं सगळं म्हाईत करून घ्या, ते सर तुमाला येगळंयेगळं बोलावतील, पैसे देऊ करतील. लगेच हो म्हनू नका, न्हाईबी म्हनू नका. आकडा कसा काडला ते इचारा. हातात रोकड घेऊ नका, बँकेत टाका म्हना. आन तक्रार खोटी होती असं कुठं लिहून घेत असले, बोलून घेत असले, तर तिथंच थांबा. मी मान हलवली. सगळं ध्यानात ठिवलं, पहिलं सोडून, एकमेकांना सांगायचं ते.

मलाच आधी बोलावलं. एकट्याला. तोच एसी, तोच चहा. सर लई गोड बोलतेत, आवाज कदी चढत न्हाई. म्हनले, दत्ताभाई, गैरसमज झाला, हे घ्या, आन पाकीट ठिवलं मेजावर, जाड. फकस्त कॅमेऱ्यापुढं बोला की हिशोब खलास, तक्रार चुकून केली. मी पाकिटाकडं बगितलं. खोटं कशाला बोलू, हात पुढं गेलता माझा. पर मनात आलं, माझी तक्रार चुकीची तर दाजींचीबी चुकीचीच की, मग त्यांना कोण वाली. मी इचारलं, सर, हा आकडा कसा काडला. सरांनी सावकाश चहा सपवला. मग म्हनले, तुमची आक्का बरी हाय ना, पाण्याच्या टाकीपलीकडं घर हाय ना तिचं. मी गावाचंबी नाव कदी सांगितलं नव्हतं तिथं.

खोलीत आलो तर दाजी पोळ्या करूलालते. म्हनले, कुठं गेलतास. म्हनलो, केस कापाया. केस होते तसेच होते, त्यांना दिसत होतं.

त्याच्यानंतर एक पांढरी गाडी कॅम्पाच्या फाटकासमोर उभी ऱ्हाया लागली. आत कोण, दिसायचं न्हाई. बसमधून उतरलो की ती चालू व्हायची, हळूहळू संगं यायची आन वळणावर थांबायची. मी दाजींना म्हनलं न्हाई, दाजी मला म्हनले न्हाईत.

सरांनी मग दाजींना बोलावलं. त्यांना सांगितलं, हे मला मागनं मॅडमकडून कळलं, की दत्तानं तर कवाच पाकीट घेतलं, तुमीच मागं राह्यलात. दाजींनी मला इचाराया पायजे होतं. कसं इचारतील हो? मी सांगितलं न्हाई, त्यांनी इचारलं न्हाई. पाकीट घेतलं आन कॅमेऱ्यापुढं बोलले, सर देवमाणूस हायेत, मला दत्तानं भरीला घातलं, तक्रार त्यानंच कराया लावली.

सरांनी तो व्हिडिओ तक्रारीच्या उत्तरात लावला, मॅडमनी तो मला दाखवला. दाजी माझाच निळा शर्ट घालून बसलेते. मला राग आला, लई आला, अजूनबी हाय, पर दाजींचा न्हाई. खरं सांगतो. चुलीवर माझ्या वाटणीची पोळी ते झाकून ठिवायचे, ती त्या व्हिडिओनंतरबी ठिवायचे.

सरांचा मेसेज आलाय परत. आता आकडा निम्म्याच्या खाली, आन त्याच्याखाली एकच शब्द, यल्ला, म्हंजे चल, उरक. मी उत्तर दिलं न्हाई. त्यांनी उलटी तक्रार टाकलीय, मी खोटं बोलून बदनामी केली म्हणून. मॅडम म्हनतेत घाबरू नका, बँकेचे मेसेज खोटे बोलत न्हाईत, मी संगं येते. पर त्यांनी हेबी सांगितलं, निकाल लागस्तोवर देश सोडता येईल का न्हाई सांगता येत न्हाई.

दाजी परवा सुट्टीवर निघाले. त्यांच्या खोक्याला दोरी मीच बांधली, दुसऱ्याला तसली गाठ जमत न्हाई. बसमधी चढताना म्हनले, तू कवा यायलास. म्हनलो, इन्शाल्ला.

काल आक्काचा फोन आलता. दाजी पोचले म्हनली, घरात सगळे हसूलालते मागं. म्हनली, ह्यांचे पैसे मिळाले बग, तू लहानपणापासून हट्टी, दिले तेवढे घेऊन मोकळं व्हावं माणसानं. मी म्हनलो, हाव आक्का. तिचा संसार सुखाचा राहू दे, ती अशीच हसू दे, माझं काई म्हननं न्हाई. उद्या मला पोलीस ठाण्यात बोलावलंय, आन आक्का इचारत होती, तुज्यासाठी बुंदीचे लाडू कवा करू.