माल्टा किती वर?

...नाही, पण मला सांगा, नकाशा कधी खोटं बोलतो का? अठ्ठावीस वर्षं या तिजानीनं ट्युनिशियातल्या या बिझर्तच्या बंदरात जहाजांना वाट दाखवली, आणि माझीच बायको, मब्रूका, मला शिकवते की माल्टा उत्तरेला आहे! का, तर आमचा मुलगा वज्दी तिकडे गेला म्हणून. आमच्याकडे समुद्र ओलांडला की माणूस 'वर' गेला, आणि वर म्हटलं की थंडी. अहो, माल्टा आपल्या खाली आहे हो, खाली!

तुम्हाला सांगतो, तीन वर्षं ऐकतोय. दर ईदला वज्दीचा फोन, की आई, बर्फ पडलाय, बोटी बंद आहेत. गेली ईद जूनमध्ये होती. जूनमध्ये! आणि ही बाई फोन ठेवून डोळे पुसणार, 'गोठला असेल हो माझा बाळ.' लोक तिथे पोहायला जातात! पॅरिस आपल्या वर, कबूल. ऑस्लो तर इतकं वर की हिवाळ्यात दुपारीच दिवे लावतात. पण लाम्पेदूझा? इटलीचं बेट, आणि आपल्या ट्यूनिसच्याही खाली! मग माल्टाची काय कथा, आपल्यापेक्षा चांगलं सव्वा अंश खाली. खाली!

शेवटी परवा माझं डोकं फिरलं. बंदरातला जुना नकाशा काढला. ती कुसकुसचे रव्याएवढे दाणे वळत बसली होती, तिची परात सरकवली, तिचं पिठानं माखलेलं बोट धरून बिझर्तवर टेकवलं आणि आणलं खाली, आणखी खाली, थेट माल्टावर. म्हटलं, दाखव आता बर्फ. असा विजय मला आयुष्यात मिळाला नव्हता.

तिनं बोट उचललंच नाही. म्हणाली, "मग तो येत का नाही?"

...आता हे नकाशात कुठे शोधायचं? वज्दीच्या तिथं राहायच्या कागदांची मुदत कधीच संपलीय, एकदा इकडे आला की परत जाता यायचं नाही. मला ठाऊक होतं. आईला सांगू नका, अशी शपथ घातलीय त्यानं. आणि मी शहाणा अंश मोजत बसलो!

घसा खाकरला. म्हटलं, "अगं, हा फ्रेंचांच्या वेळचा नकाशा. बेटं सरकतात. माल्टा आता बरंच वर गेलंय."

"किती वर?"

"नॉर्वेला टेकलंय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, तिजानी, संपलं. पण तिनं परात पुढे ओढली. "तरीच," म्हणाली, आणि लागली वळायला.

मिटलं, असं वाटलं ना तुम्हाला? काल शेजारची झोहरा दारात. तिचा धाकटा सिसिलीत, चार वर्षं घराचं तोंड पाहिलं नाही त्यानं. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच, "तिजानीभाऊ, सिसिलीपण सरकलीय का हो?" सरकली, म्हटलं, गेल्याच आठवड्यात. संध्याकाळी आणखी दोघी आल्या. काय करणार... आता आमच्या गल्लीतली सगळी मुलं बर्फात अडकलीत. उन्हात काय ते आम्ही म्हातारे.