साठ्याबद्दल डॉक्टरांचं मत

— मोठा आ करा... अजून... हां! तर काय सांगत होतो? ऑडिट कमिटी. साडूंची पंख्यांची कंपनी शेअर बाजारात आहे ना, मग हिशेब तपासणाऱ्यांवर नजर ठेवायला समिती लागते, आणि तिच्यात बाहेरची माणसं हवीत. मी बाहेरचा! कायदा साडूला नातेवाईक धरतच नाही — तो करणाऱ्याला साडू नसणार. दुखलं? छे, बधिर झालंय, उगाच दचकलात. सहा वर्षं साडू बोट ठेवतील तिथं मी सही केली. वाचायचो का? अहो, मी दाढा वाचतो.

पण परदेशातल्या एका बड्या समूहानं आमच्यात भागीदारी घेतली, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या दोन देशांतल्या समित्या नि आमची, स्क्रीनवर एकत्र बसलो. एका देशात रीतच अशी, की साहेबलोकांना आधी खोलीबाहेर काढतात नि मग ऑडिटरला म्हणतात, बोला आता मोकळेपणी. दुसरीकडे तर चक्क यंत्रावरचा कामगार समितीत — आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्याचेच! आमच्याकडे? आमच्याकडे मी, पेंगणारे एक निवृत्त प्राध्यापक आणि मधोमध साडू. — जीभ आत घ्या, जीभ. — तर तिकडच्या अध्यक्षबाई, सत्तरीच्या, एकदम म्हणाल्या, "गोदामातल्या साठ्याबद्दल डॉक्टरांचं मत काय?" दुसऱ्यांची बोबडी मी वळवतो, तिथं माझीच वळली. तोंडातून निघून गेलं, "वरून ठीक दिसतं हो, पण एक्स-रे काढल्याशिवाय मी काही सांगत नाही." रोजचं वाक्य! बाई म्हणाल्या, "उत्तम." दुसऱ्याच दिवशी माणसं पाठवून गोदाम उघडलं — निम्मी खोकी रिकामी!

आता मेव्हणी माझ्याशी बोलत नाही. बायको बोलते, ते जास्त वाईट. आणि बाई पत्रात मला "जागरूक सदस्य" म्हणतात. जागरूक कसला — अहो, दोन वर्षांपूर्वी त्याच गोदामात मी स्वतः एक खोकं सरकवायला गेलो, तर करंगळीनं उचललं गेलं. साडूंकडे पाहिलं. म्हणाले, "नवं मॉडेल, हलकं आहे." मी हसलो. ते हसले. आणि त्याच आठवड्यात मी सही —

काय? थांबा, कापूस काढतो. शेअर? कुणाचे, आमचे? तुमच्याकडे? — केव्हा घेतलेत? — दीड वर्ष... निवृत्तीचे पैसे? सगळे?

चूळ भरा.

नाही, नाही, फी राहू द्या. दोन तास काही चावू नका. आणि जाताना तेवढं दार ओढून घ्या.