कुठला पाय?

प्लास्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर पायाला प्लास्टर घातलेलं तान्हं बाळ होतं. दुसरीची मुलगी व्हरांडाभर हुंदडत होती.

बाळाची आई म्हणाली, “जन्मतः आत वळलेला पाय आता सरळ दिसतोय. प्लास्टर निघाल्यावर रात्री ते मधे दांडी जोडलेले बूट कशाला, असं सासूबाई म्हणतात.”

“त्यांना म्हणावं, पाय मोठा लबाड असतो. बूट सोडले की परत आत वळतो.”

“पण रडेल हो रात्रभर!”

“दोन-चार रात्री रडेल. मग बुटांशिवाय झोपणारच नाही. आमची तश्शीच होती.”

“तुम्हीही इथेच यायचात?”

“छे! आधी मोठ्या इस्पितळात. अख्खा दिवस प्रवासात जायचा, निम्म्या आया थकून उपचार मधेच सोडायच्या. मग तिथल्या डॉक्टरांनी इथल्या सिस्टरना हे प्लास्टर घालायला हाताला धरून शिकवलं. आता एक खेप चुकवून बघा, सिस्टर थेट दारात उभ्या!”

“घरी येतात?”

“येतात म्हणजे? चहासुद्धा न घेता आधी बूट बघतात. कमाल बाई आहे!”

“ताई, हिचा कुठला पाय होता?”

“ओळखा बघू.”

“डावा? नाही... काही कळत नाही बाई.”

“मग तिलाच विचारा.”

“बाळा, तुझा कुठला पाय वाकडा होता गं?”

मुलगी थांबली. तिने एक पाय उचलून पाहिला, मग दुसरा.

“आई, कुठला गं?”