न जमणारा ठिपका

डॉक्टरबाई : ...म्हणून आजपासून हे बंद. ठिपका अडून सहा आठवडे झाले, पुरेसं आहे.

बायको : अजून एक आठवडा द्या ना, मॅडम. मी बघते यांच्याकडे. मन लावत नाहीत हो, दुसरं काही नाही.

पेंटर : लावतो.

बायको : लावता, मग ठिपका वर का जात नाही? पहिल्या महिन्यात पडद्यावरच्या गोलात नेऊन बसवत होतात, नुसत्या विचाराने! शेजारच्या खोलीतली माणसं बघायला यायची. आणि आता? पाल सरकावी तसा कोपऱ्यात सरकतो.

पेंटर : बाई, आज एकदाच. सकाळपासून तयारीत आहे मी.

डॉक्टरबाई : ऐका. तो ठिपका वर जाणारच नव्हता.

बायको : म्हणजे?

डॉक्टरबाई : यांच्या डोक्यात बसवलेल्या सुयांना शंभरेक पेशी ऐकू येतात. कुठली पेशी बोलली की ठिपका कुठे जाईल, हे आम्ही ठरवतो. हात हलतो तेव्हा मधे मणका, स्नायू, शंभर भानगडी. इथे मधला रस्ता आम्हीच बांधलेला. तो बदलला की मेंदू कसा शिकतो, ते उघडं दिसतं.

पेंटर : आणि तुम्ही बदललात.

डॉक्टरबाई : दुसरा महिना लागताच. काही पेशी नेहमी जोडीनेच बोलतात. आम्ही अशी मांडणी केली, की जोडीतली एक बोलली आणि दुसरी गप्प राहिली तरच ठिपका वर जाईल. असं मेंदूला इतक्या दिवसांत जमत नाही, असा अंदाज होता.

पेंटर : खरा निघाला?

डॉक्टरबाई : अगदी.

पेंटर : अभिनंदन.

बायको : मग रोज 'प्रयत्न करत राहा' का म्हणायचात यांना?

डॉक्टरबाई : आळशी माणूस हरला, तर मेंदूला येत नाही की माणसालाच नको आहे, हे कसं कळणार? यांच्यासारखा जीव तोडणारा मिळाला, हे आमचं नशीब.

पेंटर : जीभ चावून रक्त आलं होतं मला.

डॉक्टरबाई : त्या दिवशीची नोंद सगळ्यात स्वच्छ आहे.

बायको : आणि तो यंत्राचा हात? यांचे हात हलत नाहीत, जमलं तर तो लावू म्हणाला होतात.

डॉक्टरबाई : तो दुसऱ्या गटाला. त्यांना सोपी मांडणी दिली होती.

पेंटर : कोण कुठल्या गटात, हे कोणी ठरवलं?

डॉक्टरबाई : चिठ्ठ्या टाकून. हेतू आधी सांगणार नाही, असं कागदात होतं. सही तुमच्या मिसेसची आहे.

बायको : बावीस पानं होती ती.

डॉक्टरबाई : मी बाहेरून आजची नोंद बंद करून येते. तोवर डोक्याच्या वायरला हात लावू नका.

(डॉक्टरबाई काचेच्या दारामागे जातात.)

पेंटर : ऐकलंस?

बायको : ऐकलं. मला काय माहीत, हे लोक असं करतील!

पेंटर : सहा आठवडे, उठताबसता 'मन लावा'. आणि काल काय म्हणालीस?

बायको : रागात बोलले असेन.

पेंटर : राग कुठला? दाढी करत होतीस माझी. गालावर वस्तरा टेकवून, अगदी शांतपणे म्हणालीस, 'त्या दिवशीही लक्ष नव्हतं, म्हणूनच पडलात.'

बायको : चुकलं माझं. सोडून द्या.

पेंटर : त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं, सांगू? पाटीवर. शाळेच्या नावातलं शेवटचं अक्षर, त्याची गोलाई चालली होती. ती एका दमात घ्यावी लागते. खाली बघायची मला गरजच नव्हती. खाली तू होतीस.

बायको : नको.

पेंटर : शिडीचा पाय धरून. पंधरा वर्षं तूच धरायचीस.

बायको : अहो, पुरे.

पेंटर : तुझ्या बहिणीचा फोन आला. 'आले हं' एवढंही म्हणाली नाहीस. नुसते हात काढलेस. पडता पडता दिसलीस मला. फाटकापाशी, फोन कानाला लावून, हसत होतीस.

बायको : तुम्ही तर सगळ्यांना सांगितलंत, फरशी ओली होती.

पेंटर : तीन वर्षं तेच सांगतोय.

बायको : माझ्यावर उपकार म्हणून?

पेंटर : छे. ठेवलं होतं जपून, कधीतरी लागेल म्हणून. आज लागलं.

बायको : मला वाटायचं, तुम्ही बघितलंच नसेल. तेवढ्या एका गोष्टीवर तग धरून तुमचं सगळं करत आले. हागणंमुतणंसुद्धा.

पेंटर : माहीत आहे. म्हणून तर गप्प होतो. कामं चोख व्हायची.

(बायको रडू लागते.)

पेंटर : डोळे पूस. बाई येताहेत.

डॉक्टरबाई : एक मिनिट. आत्ता काय करत होतात तुम्ही दोघं?

बायको : काही नाही. बोलत होतो.

डॉक्टरबाई : कशाबद्दल?

बायको : घरगुती.

डॉक्टरबाई : नोंद चालूच होती. बोलताना जबडा हलतो त्याच्या खुणा मी ओळखते, हे ते नव्हे. सहा आठवडे एकमेकींना न सोडणाऱ्या पेशी आत्ता सुटल्या होत्या. दोन-तीन मिनिटं तरी. ठिपका वर सरकत होता.

पेंटर : गोलात गेला?

डॉक्टरबाई : नाही. पण निघाला होता. हे बघा, बंद करायचं मघाशी म्हणाले ते विसरा. उद्या पुन्हा असंच बोलाल? मी आत येणार नाही. काय बोलता तेही ऐकणार नाही.

पेंटर : मला बोलायचं होतं ते बोलून झालं, बाई.

डॉक्टरबाई : मग अवघड आहे.

बायको : दहाला येतो, मॅडम. उद्या मी बोलेन.