आक्कांच्या दोन भाकरी

उपवास मोडणाऱ्याचे कोणी आभार मानतो का? मी मानतो, आणि का ते सांगतो.

पर्युषणात आमच्या पलूसच्या जैन मंदिरात दुपारचे प्रवचन चालू होते. वीज गेली. भूपालअण्णांनी अंगणातला जनरेटर ढकलत सभागृहाशेजारच्या खोलीत आणला आणि बाहेरचे दार लावून तो सुरू केला.

मी म्हणालो, "अण्णा, त्याचा धूर कोंडेल."

"आवं गुरुजी, बाहेर लय धडधडतंय. पंडितजींचा एक शब्द कानावर येत न्हाई."

थोड्याच वेळात मंडळींची डोकी दुखू लागली. दोघी जणी भिंतीला टेकल्या.

"उपवास लागलाय," अण्णा म्हणाले. "णमोकार म्हणा, उतरंल."

सर्वांचाच उपवास आहे असे आम्ही धरून चाललो होतो, म्हणून कोणालाही वेगळी शंका आली नाही. तेवढ्यात चंपाआक्का मान खाली घालून म्हणाल्या, "मग मला रं कशानं गरगरतंय, भूपाल? मी तर दोन भाकरी खाऊन आलीया."

म्हणजे हे उपवासाचे नव्हते, धुराचे होते. आम्ही सर्वांना अंगणात आणले, दारे-खिडक्या उघडल्या आणि जनरेटर बंद केला. मोकळ्या हवेत सारे सावरले. त्या दिवशी आमचे प्राण वाचले, ते जिनेश्वरांच्या कृपेने आणि आक्कांनी लाज बाजूला ठेवून सांगितलेल्या सत्याने.

मंदिराच्या पंचांनी आक्कांना मोडलेल्या उपवासाबद्दल काहीच विचारले नाही. अण्णांना मात्र दंड झाला. जनरेटर पुन्हा अंगणात गेला, आणि पर्व संपेपर्यंत दर वेळी वीज गेली की अण्णांनी त्याच्यावर लक्ष ठेवत बाहेर बसावे, असे ठरले. प्रवचनाचा एक शब्दही चुकू नये म्हणून धडपडलेल्या अण्णांनी उरलेले सारे पर्व ती धडधड ऐकत काढले.